‘वय झाले’ म्हणण्यापूर्वी

गेल्या उन्हाळ्यातील गोष्ट. दुपारचे रुग्ण संपत आले होते. एक निवृत्त शिक्षक रक्तदाब तपासून घेण्यासाठी आले होते, वय अठ्ठ्याहत्तर. तपासणी झाली, गोळ्या लिहून झाल्या, तरी ते उठेनात. शेवटी काहीशा संकोचाने म्हणाले, “डॉक्टरसाहेब, एक विचारू का? माणसाचे नाही, आमच्या मांजरीचे आहे. बारा वर्षांची झाली. हल्ली सारखी पाणी पिते आणि खाऊनही वाळत चालली आहे. मुलगा फोनवर म्हणतो, वय झाले तिचे, आता असेच चालायचे.”

मी माणसांचा डॉक्टर. जनावरांवर उपचार करण्याचा मला अधिकार नाही आणि तेवढे ज्ञानही नाही. पण ‘पाणी फार पिणे’ आणि ‘वाळत जाणे’ या दोन तक्रारी एखाद्या आजीबाईंच्या बाबतीत ऐकल्या असत्या, तर मी त्याच क्षणी साखरेची आणि मूत्रपिंडांची तपासणी लिहून दिली असती. मग मांजरीच्या बाबतीत ‘वय झाले’ एवढे उत्तर पुरेसे कसे मानायचे? मी त्यांना पशुवैद्यकांकडे पाठवले. तपासणीत मांजरीची मूत्रपिंडे थकल्याचे निघाले. आजार बरा होणारा नव्हता. पण आहारात बदल झाला, पाणी पिण्याची नीट सोय झाली, औषधे सुरू झाली आणि ती पुन्हा खिडकीतल्या उन्हात अंग पसरून बसू लागली. मास्तरांच्या घरी दिवसभर त्यांच्याशी बोलणारे दुसरे कोणी नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या उपचाराची किंमत कळते.

आमच्या फैजपूर परिसरात कुत्रे पूर्वी केळीच्या बागेची राखण करी आणि मांजर धान्याच्या कोठीतले उंदीर मारी. आता चित्र पालटले आहे. शिक्षणासाठी, नोकरीसाठी मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी जातात आणि त्यांनी हौसेने आणलेले पिलू आजी-आजोबांच्या ओसरीवर लहानाचे मोठे होते, तिथेच म्हातारेही होते. म्हणूनच या प्राण्यांच्या वयाबरोबर त्यांचे आजार कसे बदलतात, हे ज्येष्ठ वाचकांनी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांनी जाणून घेतले पाहिजे.

वयाचे गणित

‘कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात वर्षे’ हे सूत्र बहुतेकांनी ऐकलेले असते. ते सोपे आहे, पण बरोबर नाही. एक वर्षाची कुत्री पिलांना जन्म देऊ शकते. सात वर्षांची मुलगी नव्हे. साधारण हिशेब असा धरतात : कुत्र्याचे किंवा मांजरीचे पहिले वर्ष माणसाच्या पंधरा वर्षांइतके, दुसरे वर्ष आणखी नऊ वर्षांइतके आणि त्यापुढचे प्रत्येक वर्ष चार ते पाच वर्षांइतके. म्हणजे मास्तरांची बारा वर्षांची मांजर चौसष्टीच्या घरात होती. २०२० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या पेशींतील बदल माणसांशी ताडून पाहिले. त्यांनाही हेच आढळले, की कुत्र्याचे वय सुरुवातीला झपाट्याने वाढते आणि पुढे त्याचा वेग मंदावतो.

कुत्र्यांच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. हत्ती उंदराहून कितीतरी अधिक जगतो. पण कुत्र्यांमध्ये जात जितकी थोराड, तितके आयुष्य कमी. ग्रेट डेनसारखे कुत्रे सहा-सात वर्षांतच म्हातारपणाकडे झुकते, लॅब्रॅडॉर आठ-नऊ वर्षांच्या सुमारास आणि छोटा पामेरियन दहाव्या वर्षाच्या आसपास. मांजरीचे उतारवय दहा-अकराव्या वर्षी सुरू होते असे मानतात. आपल्या घरचा प्राणी आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर आहे, हे आधी ठरवावे. कारण प्रत्येक टप्प्याचे आजार वेगळे असतात.

पहिले वर्ष : जंतूंचे आणि खोड्यांचे

पिलांना खरा धोका संसर्गाचा. कुत्र्याच्या पिलांमध्ये पार्व्हो आणि डिस्टेंपर, मांजरीच्या पिलांमध्ये पॅनल्यूकोपेनिया आणि सर्दीचे विषाणू हे मोठे शत्रू. पार्व्हो हा आजार १९७८ च्या सुमारास प्रथम ओळखला गेला आणि थोड्याच काळात जगभर पसरला. पिलू खाणे सोडते, उलट्या करते, रक्तमिश्रित जुलाब होतात आणि दोन-तीन दिवसांत हातचे जाऊ शकते. हा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून आधीचे पिलू पार्व्होने गेले असेल, तर त्याच अंगणात लस न झालेले दुसरे पिलू लगेच आणू नये.

लसीकरण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चालते. आईच्या दुधातून मिळालेले संरक्षण पिलाच्या शरीरात काही काळ असते आणि ते लसीच्या कामात अडथळा आणते. म्हणून एकाच डोसावर भागत नाही. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात देतात आणि पुढे पशुवैद्यक सांगतील त्याप्रमाणे पुन्हा देतात. पोट फुगलेले, केस निस्तेज असलेले पिलू ‘खाऊन गुटगुटीत झाले’ असे वाटते. बहुधा त्याच्या पोटात जंत असतात.

दुसरा धोका तोंड घालण्याच्या सवयीचा. आमच्या भागात केळीच्या बुंध्याशी टाकायची दाणेदार कीटकनाशके आणि कोठीतले उंदरांचे औषध दोन्ही घरात असतात. खोडकर पिलाला हे विष आहे, हे कोण सांगणार? ते कुलपातच ठेवावे.

भरातली वर्षे : वजन, दात आणि गोचीड

दोन ते सात वर्षांचे कुत्रे तंदुरुस्त दिसते, त्यामुळे पशुवैद्यकांची वाट विसरली जाते. पुढच्या आजारांचे बी मात्र याच काळात पेरले जाते. पहिले बी वजनाचे. ‘एक पोळी त्याची’ हा प्रेमाचा शिरस्ता असतो; पण आजींनी एक दिली, आजोबांनी एक आणि कामवाल्या मावशींनी एक, असे कोणी मोजत नाही. बरगड्यांवरून हात फिरवल्यावर त्या सहज हाताला लागल्या पाहिजेत. लागत नसतील, तर प्राणी लठ्ठ आहे. हा लठ्ठपणा उतारवयात सांध्यांवर आणि मांजरींच्या बाबतीत मधुमेहाच्या रूपाने बाहेर पडतो.

दुसरे बी दातांचे. तोंडाची दुर्गंधी हा कुत्र्याचा स्वभाव नव्हे. ती हिरड्यांच्या आजाराची खूण असते. तिसरे कारण गोचिडांचे. गोचीडतापात प्राणी मलूल होतो, हिरड्या फिकट पडतात, कधी नाकातून रक्त येते. खाणे सोडलेल्या कुत्र्याच्या कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि शेपटीखाली गोचीड शोधण्याची सवय ठेवावी.

निर्बीजीकरण न झालेल्या कुत्रीत माज येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी ती खूप पाणी पिऊ लागली, सुस्त झाली किंवा मायांगातून स्राव येऊ लागला, तर गर्भाशयात पू झाल्याची शक्यता असते. हा आजार जीवावर बेततो आणि त्याला बहुधा शस्त्रक्रियाच लागते. स्तनांतील गाठीही अशाच कुत्र्यांमध्ये अधिक आढळतात. लहान वयात निर्बीजीकरण केल्यास हा धोका बराच कमी होतो. बोका वारंवार मातीत जाऊन बसतो, कुंथतो आणि लघवी मात्र होत नाही, असे दिसले तर ‘बद्धकोष्ठ असेल’ म्हणून थांबू नये. मूत्रमार्ग अडलेला बोका दोन दिवसांत दगावू शकतो.

आहाराबद्दल एक नाजूक गोष्ट. आमच्याकडील अनेक घरे शाकाहारी आहेत. कुत्रे शाकाहारावर विचारपूर्वक राहू शकते. मांजर राहू शकत नाही. टॉरिन नावाचा घटक तिला मांसातूनच मिळतो. तो न मिळाल्यास दृष्टी जाते आणि हृदयाचा स्नायू दुबळा होतो. हृदयाशी असलेला हा संबंध १९८७ मध्ये स्पष्ट झाला. दूध-भाकरीवर वाढवलेल्या मांजरीला निदान तिच्यासाठी तयार केलेले खाद्य तरी द्यावे. दुधाचेही तसेच, पुष्कळ मोठ्या मांजरींना ते पचत नाही.

आणि भरीत! हिवाळ्यात शेतात भरीत-पार्टी झाली, की उरलेले कुत्र्यापुढे जाते. कांदा आणि लसूण, शिजवलेले असले तरी, कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. द्राक्षे आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरतात. खाऊ म्हणून चॉकलेटही देऊ नये.

उतारवय : इथेच फसगत होते

आता मुख्य मुद्दा. म्हातारपणी दिसणारी बहुतेक लक्षणे एखाद्या आजाराची असतात आणि त्यांपैकी कितीतरी आजारांवर उपाय असतो.

जिना चढायचे सोडलेले कुत्रे आळशी झालेले नसते. त्याचे सांधे दुखत असतात. मांजरी तर दुखणे लपवण्यात पटाईत. ती लंगडत नाही. फक्त उंच कपाटावर उडी मारणे सोडते आणि पाठीवरचे केस चाटून साफ करीत नाही. डोळ्यांत निळसर झाक आली तर घाबरू नये. ती वयाची झाक असते आणि दृष्टी बहुधा शाबूत असते. पांढरा, अपारदर्शक मोतीबिंदू निराळा. तो मधुमेहामुळेही होतो, म्हणून दाखवून घ्यावा.

लहान चणीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत हृदयाची झडप गळू लागते. रात्रीचा खोकला हे तिचे एक लक्षण. घरच्या घरी करता येण्यासारखी एक तपासणी आहे. कुत्रे गाढ झोपलेले असताना घड्याळ लावून छातीचे चढउतार मोजा. एका मिनिटात तीसपेक्षा अधिक श्वास वारंवार होत असतील, तर पशुवैद्यकांना कळवा. यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. सेकंदकाटा आणि फुरसत पुरते, आणि फुरसत घरातल्या ज्येष्ठांइतकी कोणाजवळ असते?

ग्रंथींचे आजार दोघांत उलट दिशेने जातात. म्हाताऱ्या कुत्र्यात थायरॉइड मंदावते : ते सुस्त होते, वजन वाढते, केस झडतात. म्हाताऱ्या मांजरीत हीच ग्रंथी जोरात चालू लागते : ती भरपूर खाते, तरी वाळते, बेचैन असते आणि रात्री ओरडते. मांजरींतील या आजाराची वैद्यकीय नोंद १९७९ मध्ये प्रथम झाली. त्याआधी अशी मांजर ‘म्हातारपणी खादाड झाली’ एवढेच म्हटले जाई. मधुमेह दोघांनाही होतो. माणसाच्या साखरेच्या गोळ्यांनी कुत्र्याचे भागत नाही, त्याला बहुतेकदा इन्सुलिन लागते. मांजरीचा मधुमेह मात्र लवकर उपचार आणि योग्य आहार मिळाल्यास कधी कधी मागेही हटतो. मांजरीने दोन दिवस अन्नाला तोंड लावले नाही, तर तिच्या यकृतात चरबी साठून तोच एक नवा आजार होतो. तिला ‘उपास’ घडू देऊ नये.

काही वृद्ध कुत्री भिंतीकडे तोंड करून उभी राहतात, ओळखीच्या खोलीत वाट चुकतात, दिवसा झोपतात आणि रात्रभर येरझाऱ्या घालतात, घरातच लघवी करतात. हा हट्ट नव्हे. माणसांतील स्मृतिभ्रंशाशी जुळणारी ही अवस्था आहे आणि अल्झायमरमध्ये मेंदूत जे प्रथिन साठते, तसेच प्रथिन अशा कुत्र्यांच्या मेंदूतही आढळले आहे. त्यांना रागावू नये. रात्री मंद दिवा, पाण्याचे भांडे ठरलेल्या जागी आणि सामानाची मांडणी कायम, एवढ्यानेही त्यांचा घोर कमी होतो.

माझी चूक

हे सारे मी शहाणपणाने शिकलो असे नाही. सोनी ही आमची गावठी कुत्री, एका मित्राच्या केळीच्या बागेतून आणलेली. अकराव्या वर्षी तिने गच्चीचा जिना सोडला. मी घरात सहज म्हणालो, “वय झाले तिचे.” काही महिन्यांनी ती उठताना कण्हू लागली. माझ्यासमोरच औषधांचे कपाट होते. गुडघेदुखीसाठी मी रोज कितीतरी जणांना देतो, तीच वेदनाशामक गोळी वजनाचा हिशेब करून अर्धी तिला दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिली. तिसऱ्या दिवशी तिला उलट्या झाल्या आणि शौच डांबरासारखे काळे झाले. पोटात रक्तस्राव होत होता.

आमचे पशुवैद्यक मित्र रात्री धावून आले. सलाइन लावून झाल्यावर त्यांनी मला शांतपणे विचारले, “डॉक्टर, शेजाऱ्याची गोळी मनाने घेतलेला पेशंट तुमच्याकडे आला, तर तुम्ही त्याला काय म्हणता?” मला उत्तर देता आले नाही. सोनी वाचली. तिची मूत्रपिंडे काहीशी दुबळी झाली ती झालीच; पण कुत्र्यांसाठीच्या योग्य औषधावर, कमी केलेल्या वजनावर आणि घोंगडीच्या मऊ बिछान्यावर ती आणखी अडीच वर्षे आनंदात जगली. तिचा जिना मी लाकडी उताराने सोपा केला, तोही तिने सोडल्यानंतर वर्षभराने. ते वर्ष मी तिला दुखण्यात काढायला लावले, ही बोच अजून गेलेली नाही.

म्हणून कळकळीने सांगतो, घरातील माणसांच्या औषधांची पेटी प्राण्यांसाठी उघडू नये. पॅरासिटामॉलची पाचशे मिलिग्रॅमची एकच गोळी मांजरीचा जीव घेऊ शकते. ते औषध निष्प्रभ करण्याची क्षमताच तिच्या यकृतात पुरेशी नसते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधे कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडांना इजा करतात. कुत्र्याच्या गोचिडांसाठी असलेली परमेथ्रिनयुक्त औषधे मांजरीला विषासारखी आहेत. मुंबईला परळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून आपल्याकडे हे शास्त्र रीतसर शिकवले जाते आहे. त्या जाणकारांचा सल्ला आपल्या अंदाजाहून केव्हाही बरा.

आमचा उन्हाळा

जळगाव जिल्ह्यातील मे महिना, पारा पंचेचाळीसच्या वर. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. ते धापा टाकूनच अंग थंड ठेवते. म्हातारे, लठ्ठ, हृदयविकाराचे आणि चपट्या नाकाचे कुत्रे यात लवकर कोसळते. फिरणे सूर्योदयापूर्वी किंवा रात्री असावे. हाताची मागची बाजू डांबरावर पाच सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सोसवत नसेल, तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. कुत्रे अति धापू लागले, लाळ गळू लागली, झोकांड्या देऊ लागले, तर त्याला सावलीत नेऊन अंगावर साधे पाणी ओतावे, पंखा लावावा आणि तातडीने दवाखाना गाठावा. एक गैरसमजही दूर करतो : कुत्र्याचे स्वाभाविक तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. हाताला गरम लागले म्हणजे ताप आहे असे नव्हे, आणि नाक ओले आहे म्हणजे सारे ठीक, असेही नव्हे.

पालकांनी स्वतःसाठी

आता माझ्या अधिकारातील दोन गोष्टी. वृद्धांचे खुब्याचे हाड मोडते, त्यामागे कधी कधी पायांत घोटाळणारे मांजर किंवा अचानक ओढ घेणारे कुत्रे असते. साखळी मनगटाला गुंडाळून फिरायला जाऊ नये. दुसरी गोष्ट, दुखणाऱ्या म्हाताऱ्या प्राण्याला उचलताना तो चावू शकतो. चावा किंवा ओरखडा घरच्या, लस टोचलेल्या प्राण्याचा असला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. हळद, तिखट, चुना, तेल असे काहीही जखमेत भरू नये. रेबीज एकदा प्रकट झाला की वैद्यकाच्या हाती जवळजवळ काहीच उरत नाही. त्याआधी सारे आपल्या हाती असते.

एका वहीत प्राण्याचे वजन, लसींच्या तारखा, खाणे, पाणी आणि नवीन सवयी दर महिन्याला लिहून ठेवाव्यात. सात-आठ वर्षांनंतर वर्षातून दोनदा पशुवैद्यकांकडून तपासणी करून घ्यावी. आपल्याला रुग्णालयात राहावे लागले तर या जिवाला कोण सांभाळील, हेही त्याच वहीत लिहून घरच्यांना सांगून ठेवावे.

मास्तर परवा पुन्हा आले होते. मांजरीची वही त्यांनी अभिमानाने दाखवली. वजन दीडशे ग्रॅमने वाढले होते. सोबत त्यांचा मुलगा होता. तो म्हणाला, “डॉक्टर, बाबा हल्ली फार गप्प असतात, थंडी वाजते म्हणतात. वयच झाले आहे म्हणा.” मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. मी काही न बोलता थायरॉइडच्या तपासणीचा कागद लिहायला घेतला.